काळे टी-शर्ट घेऊन जयपूरला

"जयपूरला कशाला निघालीस?" असं ऑफिसात ज्यानं त्यानं विचारलं आणि मी सगळ्यांना "हवामहल बघायला" म्हणून ठोकून दिलं. खरं सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं. खरं असं होतं, की आमच्या निशाण तालमीच्या टीमला जयपूरजवळच्या एका फुटबॉल स्पर्धेचं आमंत्रण आलं होतं आणि आम्ही सोळा जण, पदरमोड करून, आपल्याच टीमच्या कारभाऱ्यांचा निषेध करायला तिकडं चाललो होतो.

कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. आमच्याकडं फुटबॉलचा क्लब म्हणजे पेठेतली तालीम. एका दारात मारुती, आत कुस्तीची माती, आणि तिथूनच फुटबॉलची टीम निघते. माणूस तालमीत जन्मतो म्हटलं तरी चालेल. तालीम बदलता येत नाही, म्हणून तर राग जास्त येतो. आमच्या कारभाऱ्यांनी मागच्या मोसमात खेळाडूंच्या नोंदणीचे फॉर्मच मुदतीत भरले नाहीत. अख्खा मोसम पोरं घरी बसली. सेक्रेटरी काय म्हणाले? "गडबडीत राहून गेलं." अहो, लग्नाच्या गडबडीत नवरा राहून जातो का?

म्हणून काळे टी-शर्ट छापून घेतले. पाठीवर पांढऱ्या अक्षरांत: 'तालीम पेठेची, कुणाच्या घरची नाही'. कोल्हापुरात ते घालून मैदानात घुसू देत नव्हते. जयपुरात कोण अडवतंय?

माझं अजून एक काम होतं, आणि ते टी-शर्टापेक्षा मोठं. माझे वडील, आबा, दोन वर्षं जयपूरला ताईकडं आहेत. आबा पेठेतले शिंपी. बत्तीस वर्षं तालमीच्या पिवळ्या जर्सी त्यांनी शिवल्या. दर मोसमाला पोरं दुकानात येऊन मापं द्यायची, जर्सी पहिल्यांदा मारुतीपुढं ठेवायच्या, मग अंगावर. दोन वर्षांपूर्वी सेक्रेटरींनी मोबाईलवरून तयार सेट मागवला. सगळ्या एका मापाच्या! गोलकीपरची बाही कोपरापर्यंतच आणि आमच्या ठेंगण्या विंगरला तीच जर्सी झग्यासारखी. आबा मीटिंगमध्ये उठून बोलायला लागले तर सेक्रेटरी म्हणाले, "आबा, तुम्ही शिवणाचं बघा, कारभाराचं आम्ही बघतो." शिवण तर आधीच काढून घेतलेलं! आबा तिथंच म्हणाले, "हे कारभारी हाईत तोवर तालमीची मॅच बघणार न्हाई." पुढच्या महिन्यात डोळ्याच्या ऑपरेशनचं निमित्त करून ताईकडं गेले, ते गेलेच. त्यांना एकदा मैदानात आणून बसवायचं, हे मी घरातून निघतानाच ठरवलं होतं.

प्रवासाचं सांगायचं तर कोल्हापूर ते पुणे एसटी आणि पुण्याहून थेट जयपूरची रेल्वे. जवळजवळ एक दिवस गाडीत जातो. स्लीपर स्वस्त पडतो, पण जानेवारीत जाणार असाल तर ब्लँकेट विसरू नका. कोटा स्टेशनच्या पुढं खिडकीतून असा गारठा येतो की दात वाजतात. आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दोन किलो भडंग नेलं होतं. ते सुरतच्या आतच संपलं, कारण आमच्यातला पिंट्या, तालमीचा सर्वांत मोठा घसा असलेला समर्थक, बोलत नसला की खात असतो.

एक टीप: जयपूरच्या मुख्य स्टेशनाआधी दुर्गापुरा नावाचं स्टेशन लागतं. शहराच्या दक्षिणेला राहायचं असेल तर तिथंच उतरा, गर्दी कमी असते. ताईचं रेल्वे क्वार्टर तिथून रिक्षानं दहा मिनिटांवर. बाकीची मंडळी पुढं राजा पार्कातल्या धर्मशाळेत गेली. टीमचा मुक्कामही तिथंच.

दारात दाजी उभे होते. दाजी रेल्वेत आहेत. त्यांचे वडीलही रेल्वेतच होते आणि बदली होऊन इथं आले, त्यामुळं दाजींचं मराठी म्हणजे अर्धा पेला. "या या! मतलब, ट्रेन टाईमवर आली ना?" आबा आतल्या खोलीत मशीनवर बसलेले. कॉलनीतल्या बायकांच्या साड्यांना फॉल लावून देतात. मला बघून चेहरा फुलला, आणि पुढच्याच क्षणी लक्षात आलं असणार मी कशाला आलेय.

"मॅचला आलीस व्हय?"

"तुम्हाला न्यायला आलेय."

"मग आल्या पावली जा." आणि पुन्हा मशीन सुरू.

दुसरा दिवस फिरण्यात गेला. हवामहल बघितला, म्हणजे ऑफिसात खोटं बोलले असं कुणी म्हणायला नको. समोरच्या गच्चीवरच्या चहाच्या दुकानातून फोटो चांगला येतो, पण चहा कोल्हापूरच्या चौपट किमतीचा आणि निम्म्या चवीचा. त्यापेक्षा गल्लीत शिरा, प्याज कचोरी खा, हात चिकट झाले की समजा चांगल्या ठिकाणी आलात. दुपारी सांगानेरला गेले. दुर्गापुऱ्याहून जवळ आहे. ठशांच्या छपाईची एक डबल चादर घेतली, पांढऱ्यावर बारीक लाल फुलांची. दुकानदार चौदाशे म्हणाला, मी उठून निघाले, नऊशेवर आला. संध्याकाळी आबांना दाखवली. त्यांनी बोटांत कापड चोळलं आणि म्हणाले, "कापड चांगलं हाय. दोन धुण्यांत मऊ पडंल." मी दोनदा मॅचचा विषय काढला, दोनदा त्यांनी ताईला विचारलं, भात झाला का. झोपताना मला खरंच रडू आलं. म्हातारा माणूस, बत्तीस वर्षं ज्यांच्या पाठी झाकल्या त्यांच्याकडं पाठ करून परक्या गावात बसलाय, आणि ज्यांच्यामुळं हे झालं ते राजा पार्कात छोले खातायत.

मॅचच्या दिवशी सकाळी पावणेआठला पिंट्याचा फोन. "वाट लागली. सेक्रेटरीला घेऊन तिकडंच येतोय. आबांना सांग... न्हाई, नको, काहीच सांगू नको."

झालं असं होतं: सकाळी संयोजकांनी धर्मशाळेतच मीटिंग घेतली. समोरच्या टीमची जर्सीही पिवळी. चिठ्ठी टाकली, रंग बदलायची पाळी आमच्यावर आली. 'प्रत्येक टीमने दोन रंगांचे सेट आणावेत' अशी मेल महिन्याभरापूर्वीच आली होती. सेक्रेटरींनी ती उघडलीच नव्हती. मॅच बाराला, मैदान आग्रा रोडवर बस्सीजवळ, म्हणजे तासाभराची वाट. आणि जयपूरची दुकानं अकराच्या आत शटर वर करत नाहीत. एका रंगाचे, पाठीवर नंबर असलेले शर्ट नसतील तर मॅच समोरच्यांना बहाल.

एका रंगाचे शर्ट होते की! सोळा. आमचे. काळे.

सव्वाआठला सेक्रेटरी ताईच्या दारात उभे होते. बूट काढून हातात धरलेले, काखेत काळ्या टी-शर्टांचा गठ्ठा. आमच्या मंडळींनी कडाक्याच्या थंडीत अंगावरचे काढून दिले होते. माणूस रात्रीत पाच वर्षांनी म्हातारा झाल्यासारखा दिसत होता. कोल्हापुरात माईकवर गरजणारा माणूस इथं हळूच म्हणाला,

"आबा, पंच म्हणतात मजकूर चालणार न्हाई. उलटे करून घालायचे आणि उलट्या बाजूला नंबर लावायचे. बारा शर्ट. तुमच्याशिवाय..." आणि गठ्ठा पुढं केला.

आबा हलले नाहीत. मी, ताई, दाजी, पिंट्या, सगळे भिंतीला चिकटून उभे. दाजींनी हळूच विचारलं, "आबा, मतलब, टीम तर आपलीच आहे ना जी?"

आबांनी दाजींकडं बघितलं. मग उठले, पलंगाखालची पत्र्याची ट्रंक ओढली आणि तळातून पुठ्ठ्याचे आकडे काढले. शून्य ते नऊ, कडा झिजलेल्या, बत्तीस वर्षं वापरलेले फर्मे. मला वाटलं होतं त्यांनी ते रागानं जाळून टाकले असतील. दोन वर्षं पलंगाखाली घेऊन झोपत होते म्हातारे!

"पांढरं कापड काढा."

ताईनं कपाट उपसलं. सगळं रंगीत, चौकड्यांचं, निळं. पांढरं एकच होतं घरात. आबांनी माझ्याकडं बघितलं, मी माझ्या नऊशे रुपयांच्या चादरीकडं बघितलं.

"घ्या," म्हटलं. "घ्या, पण बघू नका माझ्याकडं."

माझा टी-शर्टही गठ्ठ्यावर टाकला. कात्री चालली. सेक्रेटरी कोपऱ्यात अवघडून उभे होते. आबा त्यांच्याकडं न बघताच म्हणाले, "बॉबिनला दोरा भरता येतो का?" नाही म्हणाले. "मग धागे तोडा." आणि तालमीचे सेक्रेटरी जमिनीवर मांडी घालून बसले आणि दीड तास, स्वतःविरुद्ध घोषणा छापलेल्या टी-शर्टांचे धागे तोडत राहिले. पिंट्यानं व्हिडिओ काढायला मोबाईल काढला. आबा म्हणाले, "ठेव खिशात." त्यानं ठेवला.

साडेदहाला दहा शर्ट झाले. दोन राहिले. आबांनी सुई-दोरा शर्टात खोचला आणि दाजींच्या गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसले. "हातानं घालतो वाटेत. धक्के देऊ नका, जावईबापू." मी मागं बसून तोंड दाबून धरलं होतं. मैदानावर येणार का, असं विचारायची हिंमतच झाली नाही. आग्रा रोडला ट्रक फार असतात. सकाळी जाणार असाल तर तासाभराच्या जागी दीड तास धरा. आम्हाला नशिबानं एक तास आणि पाच मिनिटं लागली.

पंचांनी शर्ट हातात घेतला, मागून-पुढून बघितला. काळ्यावर पांढरा नऊ आणि नऊवर बारीक लाल फुलं. "ये फूल वाले नंबर?" म्हणाले. मग हसले. "नंबर दिख रहा है ना, बस. चलो."

टीम मैदानात उतरली. उलटे शर्ट, शिवणी बाहेर, पाठीवर सांगानेरी फुलं. आणि आम्ही सोळा निषेधकर्ते स्वेटर, मफलर, पिंट्या तर ताईची शाल गुंडाळून बसलेला. उरलेले चार शर्ट गडबडीत ताईच्याच घरी राहिले होते. निषेध करायला अंगावर काही उरलंच नव्हतं.

आबांनी प्लास्टिकची खुर्ची उचलली, मैदानाकडं पाठ करून ठेवली आणि बसले. शब्द म्हणजे शब्द. समोर भिंत आणि एक बाभूळ. पहिलं सत्र त्यांनी त्या बाभळीकडं बघत काढलं. आमच्यावर एक गोल झाला तेव्हा फक्त मांडी बदलली. दुसऱ्या सत्रात आमच्या नऊ नंबरनं, माझाच टी-शर्ट घातलेल्या पोरानं, दोघांच्या मधून घुसून असा गोल मारला की पिंट्याचा आवाज बस्सीच्या बाजारात गेला असेल.

"कोण?" आबांनी भिंतीला विचारलं.

"नऊ नंबर."

"खांद्याला ओढून धरला हुता का त्याला कुणी?"

"हो, धरला होता की."

"टाका उसवला का?"

"मला काय कळतंय? तुम्हीच बघा."

आबांनी बाभळीकडं एकदा बघून घेतलं. मग खुर्चीसकट वळले. "टाका बघतोय फक्त," म्हणाले. शेवटपर्यंत टाकाच बघत होते. चार नंबरला "अरे माणूस सोडू नको, मर्दा!" असं ओरडले तेही बहुतेक टाक्यालाच.

हरलो आम्ही. दोन-एक. शेवटच्या पाच मिनिटांत. आणि सांगते, अशी हार मी आजवर इतक्या आनंदानं बघितली नव्हती. पोरं येऊन एकेक करून आबांच्या पाया पडली. मग फोटोसाठी उभी राहिली, आणि कॅप्टननं काही न बोलता शर्ट काढून सुलटा केला. बाकीच्यांनीही केला. सगळे कॅमेऱ्याकडं पाठ करून उभे: तालीम पेठेची, कुणाच्या घरची नाही. मधोमध कॅमेऱ्याकडं तोंड करून सेक्रेटरी. आजूबाजूच्या पाठींवर काय आहे ते त्यांना कळलं होतं. तरी हलले नाहीत, बोटांना काळे धागे चिकटलेले, तसेच उभे राहिले. त्या घडीला मला त्यांचा राग आला नाही. दुसऱ्या दिवशी परत आला.

येताना आबांना "चला ना घरी" म्हटलं. "कारभारी बदलले का?" म्हणाले. नाही. "मग?" आणि दुर्गापुरा स्टेशनवर मला कचोऱ्यांची पिशवी देऊन, गाडी हलायच्या आतच वळून गेले.

कोल्हापुरात येऊन आता पंधरा दिवस झाले. कारभारी तेच आहेत. या मोसमाचे फॉर्म भरायला मात्र पिंट्या स्वतः जाऊन उभा राहिला होता, सेक्रेटरीच्या शेजारी, हातात पेन घेऊन. चादर गेली, पण उरलेल्या तुकड्यांच्या चार उशांच्या खोळी ताईनं पाठवल्यात. माझा टी-शर्ट मी धुतला. बाहेरून घोषणा, आतून नऊ. घातला की नऊ नंबर पाठीला लागतो.

काल आबांचा फोन आला. तब्येत, पाणी, ताईची तक्रार, सगळं झालं. मग म्हणाले, "त्या नऊचे टाके उसवले न्हाईस न्हवं?"

"नाही."

"नको उसवू." मागं मशीनचा आवाज येत होता. "पोरं सरावाला येतात तिथं जा एकदा टेप घेऊन. छाती, खांदा, उंची. ठेंगण्याचं नीट घे, त्याचं माप दर वर्षी चुकतंय. आणि ऐक, कमिटीला सांगू नको."

आज संध्याकाळी मी टेप घेऊन मैदानात गेले होते. सगळी पोरं रांगेत उभी राहिली. ठेंगण्याचं माप मी तीनदा घेतलं.