टीव्हीपुढे लावलेली मेणबत्ती

गोंडपिपरीकडच्या आमच्या गावात विहारासाठी वर्गणीतून टीव्ही घेतला, त्याच वर्षी माझ्या मुलीचं लग्न ठरलं. नव्वद साल उजाडायच्या आधीची गोष्ट. लग्नाला आठ दिवस उरले आणि विहाराचे अध्यक्ष आडवे आले. जंगलातल्या गावची माझी मैत्रीण आणि तिच्या बायका मांडवात गोंडी गाणी म्हणणार, हे त्यांच्या कानावर गेलं होतं.

"दुसऱ्याची गाणी आपल्या लग्नात काऊन? त्या गातील तर मी लग्न लावाले येत नाई."

लग्न लावणारे आमच्याकडे तेवढे एकच. आणि मैत्रिणीला मी शब्द दिलेला. मोहफुलं वेचताना मला कळा सुरू झाल्या, तेव्हा झाडाखाली तिनेच मुलीला बाहेर काढलं होतं. नाळ कापून म्हणाली, "हिच्या लग्नात आमी गाऊ." मी हो म्हटलं. तशा वेळी माणूस कशालाही हो म्हणतं, पण म्हटलं होतं खरं.

त्या रविवारी अध्यक्षांनी पेपरात वाचलं, दुपारी टीव्हीवर जपानच्या कलाकारांचं गाणं आहे. जपान म्हणजे बुद्धाचा देश. त्यांनी घरोघरी निरोप धाडला, पांढरे कपडे घालून या. आम्ही पांढरी लुगडी नेसून, चपला बाहेर काढून टीव्हीपुढे मांडी घालून बसलो. अध्यक्षांनी टीव्हीपुढे मेणबत्ती लावली, अगरबत्ती खोचली. एकाला अँटेना धरायला कौलांवर चढवलं.

पडद्यावर दहा-बारा जपानी आले. भिक्खू एकही नाही. अंगात चकचकीत कोट, हातात बँडवाल्यांसारखे बाजे, पुढे ढोल. मधल्या बाईने गायला तोंड उघडलं आणि कंबर अशी हलवली, की माझ्या मागच्या म्हातारीने पदर तोंडात कोंबला.

अध्यक्षांचे हात जोडलेलेच. "पाली आहे," ते म्हणाले. "उच्चार जपानी आहेत."

"भाऊ, बुद्धं सरणं कुठी आलं?" एकीने विचारलं.

"शेवटी येते. चूप बस."

शेवटी बाजेच किंचाळले. वंदना संपल्यावर म्हणतात तसं अध्यक्ष तीनदा साधू म्हणाले. सवयीने आम्हीही म्हणालो. मग निवेदक हिंदीत बोलला. हे सालसा नावाचं नाचगाणं, साता समुद्रापलीकडच्या लोकांचं, आणि या जपान्यांनी ते त्या लोकांच्याच स्पॅनिश भाषेत गायलं.

अध्यक्षांनी चिमटीने मेणबत्ती विझवली.

मी म्हटलं, "भाऊ, जपानच्या लोकाईले दुसऱ्याचं गाणं चालते. आपल्याले काऊन चालत नाई? आपण त्याइच्यापेक्षा जुने बौद्ध हो का?"

"दीक्षा घेऊन तीस वर्सं झाली न आपल्याले!" मागची म्हातारी पदर काढून बोलली. सगळे फिदीफिदी हसले. छपरावरचा ओरडला, "काय झालं? मलेबी सांगा!"

अध्यक्ष उठले. "वंदना झाल्यावर गातील. अन् कंबर हालवाची नाई."

"ते त्या बायाइलेच सांगा," मी म्हटलं.

लग्नाला ते आले. वंदना मुद्दाम इतकी लांबवली की नवरदेव उभ्याउभ्या झुलायला लागला. गोंडी बायका आंब्याखाली निवांत तंबाखू मळत बसल्या होत्या. वंदना संपली तशा उठल्या, एकमेकींच्या कंबरेत हात घातले आणि गायला लागल्या. मैत्रिणीने मला रांगेत ओढलं. मला गोंडी येते ती मोहाचा भाव करण्यापुरती. त्या जपानी बाईला आठवून मी रेटून गायले.

अध्यक्ष पंगतीत भात कालवत होते. न राहवून त्यांनी मैत्रिणीला विचारलं, "बाई, या गाण्यात काय म्हनून राह्यल्या तुमी?"

"लग्न लावणाऱ्याले देवाधर्मापेक्षा जेवाची घाई, असं हाय भाऊ."

मांडव हसून लोळला. अध्यक्षांचा घास हातातच राहिला. गाण्यात खरंच तसं होतं की तिने तिथल्या तिथे जोडलं, हे मी तिला कधी विचारलं नाही. मी तीनदा साधू म्हटलं आणि त्यांच्या पत्रावळीवर आणखी भात वाढला.