कुलपातलं बाथरूम

कुलूपराव हे काही त्यांना आईवडिलांनी दिलेलं नाव नव्हे. कारखान्याच्या भांडारात त्यांनी अख्खी नोकरी काढली आणि मागायला आलेल्या माणसाला रिकाम्या हातानं परत पाठवण्यात असा हातखंडा मिळवला, की कामगारांनीच हे नाव ठेवलं. नवेकोरे रबरी हातमोजे त्यांनी कपाटात इतके जपले, की शेवटी बाहेर काढले तेव्हा त्यांचे तुकडे पडले. निरोपाच्या भाषणात साहेब म्हणाले, "यांच्या काळात भांडारातली टाचणी हलली नाही." खरंच होतं ते. लोकांना टाचणी हवी होती, एवढंच.

निवृत्तीनंतर हा माणूस घरी बसला, म्हणजे घराचंच भांडार झालं. साखर कपाटात आणि कपाटाची किल्ली यांच्या खिशात. बायको बिचारी चहासाठीही यांच्या खिशाकडे बघायची.

उन्हाळा तापला आणि त्या जुन्या घरात गटाराचा वास यायला लागला. कप तोंडाला लावावा तर चहाच्या आधी गटार नाकात शिरायचं. कुलूपरावांनी चौकशी हातात घेतली. आयुष्यभर नाकानं कांदे सोलले होते, आता त्याच नाकाला खरं काम मिळालं होतं.

पहिला संशय बायकोच्या सिंकवर. तिनं उकळतं पाणी ओतलं, सोडा टाकला, वास काही हलेना. मग ते कुंपणावर ओणवे होऊन शेजाऱ्याच्या चेंबरचा वास घेऊ लागले. शेजाऱ्यानं विचारलं, "काही हरवलंय का?" हे म्हणाले, "तुमचा वास बघतोय." त्यावर शेजारी जे बोलला ते लिहिण्यासारखं नाही.

राहता राहिली ताई. कुलूपरावांची ही थोरली बहीण धाकट्या भावाचं घर अचानक लहान पडायला लागल्यामुळे उन्हाळ्याच्या तोंडाशी इथं आली होती. मागच्या खोलीत राहायची, तिथल्याच मोरीवर अंघोळ करायची.

"ताई आली आणि वास आला," जेवताना कुलूपरावांनी निकाल दिला.

"अरे, मी रोज फिनेल टाकते मोरीत."

"तेच म्हणतोय मी! काही लपवायचं नसेल तर माणूस रोज फिनेल कशाला टाकेल?"

जेवण झाल्यावर त्यांनी धाकट्याला फोन लावला. ताईला थोडे दिवस तिकडे पाठवतो म्हणाले. धाकटा म्हणाला, त्याच्या बायकोचा गुडघा दुखतोय. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे हा गुडघा ताईनंही ऐकला. तिला भाऊ दोनच. ती उठली आणि पिशवी भरायला लागली. कुलूपरावांना वाईट वाटलं, पण पुरावा म्हणजे पुरावा.

दुसऱ्या दिवशी प्लंबर आला, तो ताईची मोरी फोडायलाच. फोडायची त्याला भारी हौस होती. पिशवीतून आधी घण बाहेर आला, मग तो आत आला. मोरीत वाकून हुंगलं आणि हिरमुसला. "इथं काही नाही हो." मग नाक वर करून तो बोळातून चालत गेला आणि एका बंद दारापाशी थांबला.

"इथं काय आहे?"

"बाथरूम. पण ते बंद असतं," कुलूपराव घाईनं म्हणाले. "कुणी वापरत नाही."

"उघडा."

परदेशातला लेक सुनेला घेऊन आला होता, तेव्हा सुनेनं मागची मोरी पाहिली आणि दोघं हॉटेलात राहायला गेली. ते कुलूपरावांच्या फार जिव्हारी लागलं. लेक गेल्यावर त्यांनी हे बाथरूम बांधून घेतलं. पांढऱ्या फरश्या, काचेचा आडोसा, वरून पाणी सोडणारा मोठा शॉवर, प्लॅस्टिकमधला जाड टॉवेल. आणि मग कुलूप. घरातली सगळी मागच्या मोरीपुढे रांग लावायची, पण ते दार कधी उघडलं नाही.

आता उघडलं, तर वासानं सगळ्यांना दोन पावलं मागं ढकललं. प्लंबरनं फरशीतली जाळी उचलली, टॉर्च मारली आणि त्याचा चेहरा आणखीच पडला.

"फोडायचं कामच नाही. जाळीखाली पाणी साठून राहतं, ते खालचा वास अडवतं. तुमचं वापराविना सुकलंय, म्हणून गटार थेट घरात. बादलीभर पाणी ओता." आणि घण न वापरताच तो निघून गेला.

बायकोनं पाणी ओतलं, खिडक्या उघडल्या. घर मोकळा श्वास घ्यायला लागलं.

"चोर सोडून संन्याशाला फाशी," ती नवऱ्याकडे बघत म्हणाली.

माफी हीसुद्धा कुलूपरावांच्या भांडारातलीच वस्तू. मागितली तरी निघायची नाही. ते घसा खाकरून म्हणाले, "मी रोज तांब्याभर पाणी ओतत जाईन. आणि ताई, आता तू राहिलीस तरी हरकत नाही." एवढं औदार्य दाखवून त्यांनी कुलूप हातात घेतलं.

ताईनं भरलेली पिशवी उघडली. तिच्यातून कपडे आणि साबण बाहेर काढला, आत जाऊन त्या टॉवेलचं प्लॅस्टिक टराटरा फाडलं आणि आतून कडी घातली. शॉवर धो धो सुरू झाला.

"अगं ताई! ते लेकासाठी आहे!" कुलूपराव दार बडवायला लागले.

"कळलं रे," आतून आवाज आला. "तो आला की हाक मार. लगेच रिकामं करते."

कुलूपरावांचा हात दारावरच राहिला. गेल्या महिन्यात लेकाचा फोन आला होता. त्यानं तिकडेच घर घेतलंय, आता इकडे येणं होणार नाही म्हणाला. हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. तेही कुलपातच ठेवलं होतं. बायको शेजारीच उभी होती, त्यांच्या तोंडाकडे बघत.

"सावकाश आटप," ते दाराला म्हणाले. "त्याला यायला अजून वेळ आहे."