शांताक्काचा धूर आणि वेळेआधी आलेले व्याही

"मामा, आई गेली," एवढंच रेखा फोनवर म्हणाली. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या माझ्या शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानात, एक बंद पडलेलं मशीन मी नुसतं दरडावून कसं चालू केलं होतं, ते मी तेव्हा गिऱ्हाइकाला सांगत होतो. ती गोष्ट तशीच अर्धवट राहिली. माझी थोरली बहीण, मंद्रूपची शांताक्का, झोपेतच गेली... जन्मात कधी वेळ न चुकवलेल्या बाईनं हीच एक चुकवली. त्याला आता दीड महिना होईल. लोक भेटायला येतात, हळू आवाजात बोलतात. आक्काबद्दल हळू बोलणं मला जमत नाही. तेव्हा जरा मोठ्यानंच सांगतो.

आक्काकडं शेरडं होती. किती? मोजायला गेलेला माणूस म्हातारा होऊन परत यायचा. पण तिचं नाव झालं ते बरगड्यांनी. तेलाच्या रिकाम्या ड्रमात बाभळीचा जाळ करायचा, लाल निखारा तेवढा उरला की वर भुईमुगाच्या शेंगांची टरफलं टाकायची, मीठ, लसूण, काळं तिखट चोळलेल्या बकऱ्याच्या अख्ख्या बरगड्या सळईला टांगायच्या आणि तोंडावर ओलं गोणपाट. मग थांबायचं. तो वास अक्कलकोटपर्यंत जायचा आणि तिथली माणसं कानडीत उसासे टाकायची, याला मी साक्षी आहे. घाई केली की मांस चिवट, उशीर झाला की वाळून कातडं. घरच्या चार माणसांपुरतं कुणालाही जमेल, पंगतीमागं पंगत बसते तेव्हा खरी परीक्षा. म्हणून आक्का सगळे ड्रम एकदम पेटवायचीच नाही. पहिल्या पंगतीचा आधी, दुसरीचा त्यामागून, शेवटचा अगदी शेवटी.

रेखाचं, म्हणजे आक्काच्या लेकीचं, लग्न अकलूजला ठरलं तेव्हा होणारे सासरे हणमंतराव बोलून गेले, "बिनरशाचं मटण, आन तेबी दोनशे माणसाला? निम्मी कच्चं खातील, निम्मी करपल्यालं." आक्का म्हणाली, "एकालाबी रस्सा वाढणार न्हाय." झालं. आता काही बिघडलं असतं तर रेखाला ते सासरी जन्मभर ऐकावं लागलं असतं. हे आक्काला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, बकऱ्यांनाही ठाऊक असावं.

लग्न पार पडलं आणि मांडवपरतणीचं मटण मंद्रूपला ठरलं. पाहुणे म्हणजे उशिराच येणार, असं धरून आक्कानं जाळ घातला. अकलूजच्या गाड्या सोलापुरातून, सात रस्त्यावरूनच जाणार होत्या, म्हणून तिथं माझा पहारा. आणि आमच्या जिल्ह्याच्या इतिहासात कधी घडलं नव्हतं ते घडलं. पाहुणे वेळेच्या आधी आले. मी फोन लावला.

"आक्का, आले."

"कुटं?"

"हितं. माझ्यासमोर च्या पितायत."

पलीकडं नुसतं लाकूड तडतडलेलं ऐकू आलं...

"दत्त्या, अजून जाळ बी बसला न्हाय रं. तुला बोलायची लई हौस न्हवं? बोल आता."

बोललो. आक्काच्या एका बोकडानं उसाचा ट्रक शिंगावर अडवला, तिथून सुरुवात केली. ड्रायव्हर खाली उतरला तसं बोकड वर चढलं आणि ट्रक घेऊन थेट साखर कारखान्याच्या काट्यावर गेलं. पुढं ते निवडणुकीला उभं राहिलं, अगदी थोडक्यात पडलं, फेरमोजणी मागितली... चहावाला पातेल्यावर पातेलं चढवत होता. मागच्या गाड्यांतल्या बायकाही उतरून ऐकायला आल्या. सगळे हसत होते, हणमंतराव सोडून. शेवटी ते माझ्या कानाशी आले.

"मामा, ह्ये बोकड अजून किती येळ जित्तं ठेवायचंय? शिजलं का, ईचारा की आक्काला."

मी बाजूला जाऊन विचारलं. आक्का म्हणाली, "मार आता त्याला."

आम्ही मंद्रूपला पोचलो तेव्हा आक्का पहिल्या ड्रमापाशी एक हाड दोन बोटांत धरून फिरवत होती. मांस जागच्या जागी, हाड तेवढं गर्रकन फिरलं. "बसवा," ती म्हणाली. पंगती उठत होत्या, बसत होत्या, आणि प्रत्येक पंगतीला बरगडी अशी गरम, की वाढप्यांची बोटं अजून लाल असतील. हणमंतराव मुद्दाम शेवटच्या पंगतीला बसले, करपलेलं शोधायला. त्यांनी हाड उचललं, मांस ताटातच राहिलं. त्या स्वच्छ हाडाकडं ते बराच वेळ बघत होते. मग रेखाला म्हणाले, "सूनबाई, तुला येतं का गं ह्ये?"

"येतं की," आक्काच मधे बोलली. "पर वाट बघाय लागंल."

"बघू," म्हणाले आणि त्यांनी ताट पुढं केलं. रस्त्यानं परत जाताना अकलूजच्या गाड्या वजनानं जमिनीला टेकल्या होत्या.

परवा अकलूजला रेखाच्या लेकाचं जावळ झालं. बरगड्या लावायला आक्काच जाणार होती... रेखानं एकटीनं लावल्या. माणूस माईना. पंगत खोळंबली तशी कुजबुज सुरू झाली आणि हणमंतराव, ज्यांच्यापुढं अख्खी भावकी उभी राहते, उठून गोणपाटाला हात घालायला गेले. रेखानं वळूनही बघितलं नाही.

"बसा मामंजी. अजून न्हाय."

आवाज आक्काचा. तसाच, घशात धूर गेलेला. 

हणमंतराव बसले. त्यांच्यामागं अख्खं अकलूज बसलं. मीही बसलो.