यंदा ऊन लवकर आलं

महाशिवरात्रीच्या आधीचीच गोष्ट. अमरावतीहून अकोल्याला आईकडे निघाले, उतरले तेव्हा दुपार झाली होती आणि ऊन अगदी एप्रिलसारखं... मागच्या वर्षी याच सुमारास आई स्वेटर घालून अंगणात बसली होती.

आईला बीपी आहे. आदल्या दिवशी ओट्याशी उभी असताना तिला चक्कर आली, तेही मला शेजारच्या काकूंनी फोनवर सांगितलं. म्हणून बसमधून उतरून थेट बाजारात गेले, कूलरच्या जाळीत भरायला नवा वाळा घेतला आणि मगच घरी आले.

आमच्याकडे कूलर काढायचं काम बाबांचं, आणि तेही होळी झाल्यावरच. एखाद्या वर्षी होळीलाही ब्लँकेट लागायचं, एखाद्या वर्षी त्याआधीच घामाच्या धारा... बाबा बधायचे नाहीत. ऊन दरसाल मागंपुढं होतं, त्याचं कुठवर ऐकायचं, असं म्हणायचे. गेल्या दिवाळीनंतर बाबा गेले.

आईनं वाळ्याची पिशवी पाहिली आणि तोंड फिरवलं. होळी होऊ दे, म्हणाली. मी आधी समजावलं, मग चिडले... उद्या पडली-झडली तर काय, आणि ही रीत धरून बसलीये. मी कूलरवरची ताडपत्री ओढून काढली आणि मागची जाळी उघडायला लागले.

तेव्हा ती आली आणि तिनं जाळीवर हात ठेवला.

"तुह्या बाबाच्या हातचा वाळा हाये तो," ती म्हणाली. "होळीपर्यंत तरी ठेवता येईन, असं वाटलं होतं मले. यंदा ऊनच लवकर आलं."

मी जाळीकडे पाहिलं. गेल्या उन्हाळ्यातला काळपट वाळा, त्यावर बाबांनी आवळून बांधलेली सुतळी... त्यांच्या गाठी कधी सुटायच्या नाहीत, कापाव्याच लागायच्या. मला रडू आलं. आईनं मनाशी होळीपर्यंतची मुदत घातली असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

नवी पिशवी माळ्यावर टाकली. टाकी घासून धुतली आणि जुन्याच वाळ्यावर पाणी सोडलं. हवा बेताचीच गार आली, वास तर नुसता धुळीचा... पण आई त्याच्यासमोर आडवी झाली आणि संध्याकाळपर्यंत शांत झोपली. तो कूलर मग तसाच चालत राहिला.

होळीला मी पुन्हा गेले. वर्षाच्या आतला सण म्हणून घरी पुरण नव्हतं. सकाळी आईनं स्वतः कात्रीनं सुतळी कापली, वाळा गच्चीवर नेऊन उन्हात पसरला. संध्याकाळी चौकातली होळी पेटली, लोक नारळ टाकून पांगले, तेव्हा तिनं तो वाळा पदरात घेऊन नेला आणि थोडा थोडा करून आगीत सोडला.

इतके दिवस पाण्यानं न आलेला वाळ्याचा वास तेव्हा आला... आई तो विरेपर्यंत तिथंच उभी होती.

मग तिनं डोळे पुसले. "चाल," म्हणाली, "आता नवा भरू."

यंदा उन्हानं कुणाची वाट पाहिली नाही. पण बाबांच्या जुन्या वाळ्यानं आईला होळीपर्यंत निभावून नेलं... त्याचे उपकार.