आधी काजळ पुसा

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी धुळ्याच्या शाळेत दहावीच्या पोरांना भिंगं शिकवत होतो. हृदयविकाराचा झटका, जळगावात, मेहरूणच्या तिच्या दवाखान्यातच. फळ्यावर अर्धवट काढलेलं भिंग तसंच सोडून बस पकडली. वाटेतलं पारोळा गाव मागे पडलं तरी ते खरं वाटेना...

बहीण म्हणून कौतुक करत नाही, असं म्हणायची पद्धत आहे. मी मात्र बहीण म्हणूनच करतो. धरणगावच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी वाहणाऱ्या आमच्या आबांची ही थोरली, आमच्या वस्तीतली पहिली डॉक्टर. तिनं त्वचारोग निवडले तेव्हा आबा हिरमुसले होते. "खरूजकरता इतलं शिकनी का?" आपल्या अहिराणीत म्हणाले. पुढं तेच आबा तिच्या दवाखान्याच्या बाकावर ठाण मांडून येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे, "ती मनी पोर शे!" पेशंट बिचारे खाज विसरून मान डोलवायचे.

ताईचं लाडकं यंत्र मुठीत मावणारं होतं. भिंग, भोवती बारीक दिवे आणि मागे जोडलेला मोबाइल. साध्या नजरेला न दिसणारं कातडीतलं बरंच काही त्यात दिसतं. गालावरच्या डागावर जेल लावून काच सरळ टेकवता येते, पण डोळ्यापाशी ते चालत नाही. पापणी फडफडते, जेल आत जातं. म्हणून ताई यंत्र किंचित वर धरायची, करंगळी पेशंटच्या गालाच्या हाडावर टेकवायची आणि हात हलू नये म्हणून स्वतःचा श्वास रोखायची. घाबरलेल्या माणसाला सांगायची, "तुम्ही घ्या श्वास, मी धरते." आणि डोळ्यापाशी यंत्र नेण्याआधी एक वाक्य ठरलेलं, "आधी काजळ पुसा."

ते वाक्य आमच्या सखूआत्यामुळं आलं. आबांची ही धाकटी बहीण धरणगावलाच राहते. तिच्या खालच्या पापणीवर ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ आली होती. रांजणवाडी असेल म्हणून तिनं कितीतरी दिवस अंगावर काढलं. कुणी तर चुना लावायला सांगितलं! ताईनं फोनवर दटावलं, "काही लावू नकोस. इकडं ये, डोळ्याचा फोटो काढायचाय." आत्या आली ती नवी साडी, तोंडाला पावडर आणि दोन्ही डोळ्यांत घरच्या दिव्यावर धरलेलं ठसठशीत काजळ घालून. मोबाइलवर नुसता काळा चिखल दिसला. त्या दिवशी मीही दवाखान्यात होतो. मी हसलो, तशी आत्या माझ्यावरच उखडली, "फोटो काढना शे ना? मंग तशीच येवू का?"

"आत्या, काजय पुसनं पडी," ताई म्हणाली. खोबरेल तेलात कापूस भिजवून तिनं अलगद पापणी पुसली, श्वास धरला, पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग चित्र मोठं करून आत्यालाच दाखवलं. चकचकीत कडा, त्यावर फाटे फुटलेल्या लाल बारीक शिरा, आणि तेवढ्याच जागी गळून गेलेले पापणीचे केस. "ही रांजणवाडी नाही. तुकडा काढून तपासावा लागेल. उशीर केला तर डोळ्यापर्यंत जाईल." डोळ्याला सुरी लागणार म्हणून आत्या उठलीच होती. ताईनं तिला ओढून बसवलं नाही. फक्त मोबाइल तिच्या हातात दिला. आत्या बराच वेळ स्वतःची पापणी बघत राहिली आणि मग बसली.

तपासणीत कर्करोग निघाला. सावकाश वाढणारा, पण डोळ्यापाशी आलेला. डोळ्यांच्या सर्जननं तो वेळेत काढला आणि आत्याचा डोळा वाचला. तेव्हापासून ताईच्या टेबलावर तेलाची बाटली आणि कापूस कायम.

परवा ताईच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आम्ही सगळे दवाखान्यातच जमलो होतो. बुद्धवंदना झाली. सखूआत्या पुढं आली आणि बायका कुजबुजल्या. दुःखाच्या घरात ही दोन्ही डोळ्यांत काजळ घालून आलेली! एकीनं टोकलंच. आत्या ताडकन म्हणाली, "तिनी मना डोया वाचाडा. तिले दखाडाले काजय लाईसन उनू. कोनले काय म्हनानं ते म्हना!" मला तर त्या क्षणी ताईचा इतका अभिमान वाटला की रडूही येईना.

आत्याला मात्र आलं. काजळ गालावर ओघळलं. मी टेबलावरची तेलाची बाटली उघडली, कापूस भिजवला, करंगळी तिच्या गालाच्या हाडावर टेकवली... आणि पापणीपाशी हात नेताना माझाही श्वास आपोआप थांबला.