न बोलता उतरवायची अर्धशिशी

शुक्रवारी डाग द्यायचा, असं आक्काच्या सासूनं ठरवलं होतं. कानशिलावर, तापलेल्या उलथन्याच्या टोकानं. आमच्या निपाणी भागात अर्धशिशीवरचा हा उपाय बायका एकमेकींना इतक्या सहज सांगायच्या, जणू लोणच्यात मीठ किती घालायचं ते सांगताहेत. डाग दिलेली तोंडं मी पाहिली होती. एकीचा डोळा कायमचा अर्धा मिटला होता.

आक्का ही माझी थोरली बहीण. तंबाखूच्या वखारीत ती चाळायला बसायची आणि भरलेली बोचकी डोक्यावरून वाहायची. महिन्यातून दोन-तीनदा तिचं अर्धं डोकं उठायचं. मग उजेड सोसायचा नाही, भांड्याचा आवाज सोसायचा नाही. ओकून ओकून ती पडून राहायची. मुकादम म्हणायचा, सोंगं आहेत. ज्यानं जन्मात एक बोचकं डोक्यावर घेतलं नाही, त्यानं हे म्हणावं! त्याची चीड मला अजून आहे.

डाग टाळायला सासूनं एकच वाट मोकळी ठेवली होती, ती म्हणजे गावाबाहेरच्या तालमीतला वस्ताद. तो निखळलेले खांदे बसवायचा आणि अर्धशिशीवाल्याच्या मानेला झटका देऊन शीर मोकळी करायचा. गुण आला तर डाग नाही. पण याच वस्तादाविरुद्ध मी काम करायचो त्या छापखान्यातून महिन्यापूर्वी पत्रक छापलं होतं. इंग्रज सरकारविरुद्ध लिहून लिहून हात बसला होता, विसाव्या वर्षी सगळं कळत होतं, आणि मथळा होता, 'मान मोडून घेऊ नका!'

"तू नुसता संगं चल," आक्का म्हणाली. "पर तोंड उघडायचं न्हाय. माझी शपथ हाय तुला."

तिथला नेमच तसा होता. दिवस उगवायच्या आत निघायचं, मुक्यानं जायचं, आणि झटका बसेपर्यंत रोग्यानं किंवा बरोबरच्यानं एक शब्द काढायचा नाही. बोललं की उतार पडत नाही.

वाटभर ती पुढं, मी मागं. ओढ्याजवळ तिच्या हातातला तांब्या पडला. तिनं तो दुसऱ्या हातानं उचलला. अंधारात निसटला असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

वस्तादानं तिला कुस्तीच्या लाल मातीच्या कडेला पाटावर बसवलं, उगवतीकडं तोंड करून. मला पाहून तो हसला. "ह्योच न्हवं का त्यो, मला कसाई छापणारा? बस, बस. आज तुझं तोंड बंद हाय, माझं नशीब."

त्यानं तेल लावून तिची मान चोळली. हात हलका होता, हे कबूल करायला हवं. मग एक पंजा हनुवटीखाली गेला, दुसरा डोक्यामागं. तेव्हा मला दिसलं. आक्काचा डावा हात मांडीवर उताणा पडला होता. माशी बसली तरी बोट हललं नाही. उजव्या हातानं ती आपला ओठ चाचपत होती, जणू तो जागेवर आहे का ते बघत होती.

बोललो तर नेम मोडतो आणि सासूचा शुक्रवार पक्का होतो. गप्प बसलो तर त्या पंजांत काय होईल? वस्तादानं श्वास भरून घेतला.

"थांबा!" मी ओरडलो. "हात बघा तिचा!"

मी तिला विहिरीत ढकलल्यासारखं आक्कानं माझ्याकडं पाहिलं.

"घातलंस पाणी समद्यावर," वस्ताद म्हणाला. पण मान त्यानं सोडली होती. त्यानं तिचा हात उचलला, सोडला. तो थाडकन मांडीवर पडला. वस्तादाचं हसू गेलं. "बाई, ह्ये कवाधरनं?"

ती बोलेना. नेम ती अजून पाळत होती.

"आगं बोल की! नेम ग्येला खड्ड्यात. मीच सांगतोय!"

"दर वक्ताला हुतंय," ती म्हणाली. जीभ जड झाली होती. "आदी डोळ्याम्होरं वाकडंतिकडं चमकतंय. मग बोटांपास्नं मुंग्या चढत्यात, पार ओठापत्तुर. घटकाभरानं जातंय. मग डोस्कं उठतंय."

"आन् ह्ये मला सांगायचं न्हाय व्हय?"

"बोलायचं न्हवतं न्हवं."

वस्ताद मातीतच बसला. "किती जणी बसल्या ह्या पाटावर," तो म्हणाला. "म्या कुणाला इचारलंच न्हाय कवा." मग म्हणाला, "हिची मान बोज्यानं आखडलीया, ती म्या चोळून सैल करीन. पर हात पडतोय त्ये आतलं हाय. ह्याला झटका द्यायचा न्हाय."

"मग हेच तिच्या सासूला सांगा चला," मी म्हणालो. "माझं पत्रक ती चुलीत घालंल. तुमचं ऐकंल."

तो आला. वाटेत आक्काच्या बोटांत जीव परतला आणि डोकं ठणकायला लागलं. सासू दारातच उभी होती.

"दिला झटका?"

"न्हाय. आन् डागबी द्यायचा न्हाय," वस्ताद म्हणाला. "डोस्कं उठलं की अंधारात निजू द्या. डोईवर बोजा बंद. बेळगावच्या डाक्टरास्नी दावा."

"आन् एक डाव हात पडला, उठलाच न्हाय तर?"

सासू माझ्याकडं वळली. "तू छापतोस न्हवं समद्यांस्नी? सांग की मग."

माझ्याकडं मथळे पुष्कळ होते.

"मला ठावं न्हाय, मावशी."

आता ती उलथनं तापवायला चुलीकडं जाते, असंच मला वाटलं. मग ती म्हणाली, "डोस्कं उठलं की तुला निरोप धाडीन. हातात जीव येईस्तवर तूच बसायचं तिच्यापाशी."

शुक्रवार डागाविनाच गेला. बेळगावच्या डॉक्टरनं अर्धशिशीच सांगितली, पुड्या दिल्या आणि हात परतला नाही तर तसंच घेऊन या, असं बजावलं. पुड्यांनी कधी गुण यायचा, कधी नाही. निरोप आला की मी छापखाना टाकून धावायचो. त्या अंधाऱ्या खोलीत आक्काचा डावा हात हातात घेऊन बसायचो, आणि तिची बोटं माझी बोटं दाबेपर्यंत तो सोडायचो नाही.