तिसऱ्या पाळीनंतरचं इंग्रजी

भिंगारदिवे सर शिकवताना कधी बसायचे नाहीत. ओट्यावर एक प्लास्टिकची खुर्ची होती, पण तिच्यावर आमचे डबे. दाराच्या चौकटीला पाठ लावून ते उभे राहायचे आणि म्हणायचे, "मी बसलो की झोपणार. आणि तुम्ही तर झोपेतच आलाय."

खोटं नव्हतं ते. नागापूरच्या एमआयडीसीत तिसरी पाळी करून सुटलेले आम्ही सहा-सात जण. साडेसातला तोंडावर पाणी मारून त्यांच्या सतरंजीवर टेकायचो. डोळे चुरचुरत असायचे, बोटांना मशीनवरच्या कूलंटचा वास. सर हायस्कूलातून निवृत्त झालेले, पण त्यांचीही पाळी पहाटे पाचलाच सुरू व्हायची. आतल्या खोलीत मावशी, म्हणजे त्यांच्या पत्नी, अर्धांगानं आडव्या होत्या. त्यांना उचलून बसवायचं, अंग पुसायचं, भरवायचं, पुन्हा कुशीवर निजवायचं. हे सगळं उरकून सर हात पुसत बाहेर यायचे. थकण्यात कोण पुढे, हे आमच्यात कधी ठरलं नाही.

मला त्या इंग्रजीची हौस नव्हती, गरज होती. सहा वर्षं कंत्राटावर काढलेली. क्वालिटी खात्यात एक कायमची जागा निघणार होती आणि मुलाखत इंग्रजीत. नवऱ्यानं टाकल्यापासून मी भावाच्या घरी राहत होते. भावजय वाईट नाही हो, पण माझं ताट वाढताना पातेलं जरा जोरात ठेवायची. कायम झाले असते तर स्वतःची एक खोली घेता आली असती. एवढंच पाहिजे होतं मला.

सरांचा आवडता धडा तुलनेचा. "दमलेल्या माणसाला तुलना शिकवावी लागत नाही," ते म्हणायचे. "त्याला सदा काहीतरी कशापेक्षा तरी बरंच वाटत असतं." पण आमची गाडी अडायची. 'सिटिंग इज बेटर दॅन टु स्टँड' असं काहीतरी आम्ही ठोकून द्यायचो. सर कपाळाला हात लावायचे. "अरे, कांदा कांद्याशी तोला, पोत्याशी नको! एका पारड्यात आयएनजी, तर दुसऱ्यात पण आयएनजी. सिटिंग इज बेटर दॅन स्टँडिंग. दॅन असो, प्रिफरनंतरचा टू असो, इन्स्टेड ऑफ असो, मागून काम आलं की त्याला आयएनजी लावायचाच."

गाईडमधलं वाक्य त्यांना मुळीच खपायचं नाही. एकदा मी 'वॉकिंग इज बेटर दॅन रनिंग' म्हटलं. सरांनी लगेच विचारलं, "कोण चाललं? कोण पळालं? तू तर रिक्षानं आलीस. खरं वाक्य आण, सुनंदा. खरं असलं की विसरत नाही." आमचा फोर्कलिफ्टवाला दराडे जांभई देत म्हणाला, "सर, स्लीपिंग इज बेटर दॅन लर्निंग इंग्लिश." सर म्हणाले, "शंभर टक्के बरोबर. वाक्यही आणि मतही." त्या दिवशी आतून मावशींचाही हसल्यासारखा आवाज आला होता.

मुलाखतीचा दिवस आला. समोर तीन साहेब. मधल्यानं विचारलं, कायमची नोकरी कशासाठी पाहिजे? माझ्या जिभेवर खरं वाक्य तयारच होतं. "सर, स्टँडिंग फॉर एट अवर्स इज इझिअर दॅन लिव्हिंग इन माय ब्रदर्स हाऊस." व्याकरण कसं चोख! एक साहेब हसले. दुसऱ्यानं मराठीतच विचारलं, "घरी प्रॉब्लेम आहे का काही? मग रजा लई पडत्याल." आयएनजीकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. जागा दुसऱ्याच पोरीला गेली.

मी तशीच सरांकडे गेले आणि सगळ्यांसमोर भांडले. "तुमच्या खऱ्या वाक्यानं माझा घात केला, सर! तुमचं काय जातं? मला अजून त्याच घरात जेवायचंय." आता आठवलं की लाज वाटते. सर ऐकत राहिले. त्या दिवशी त्यांची बनियन खांद्यापाशी ओली होती, मावशींना आंघोळ घालून तसेच आले असावेत. म्हणाले, "माझं चुकलं. वाक्य कसं करायचं ते शिकवलं. कुणापुढं करायचं ते शिकवायचं राहून गेलं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, "आजपासून खोटी वाक्यं." दराडे पेटलाच. "कमिंग टु वर्क इज मोअर एन्जॉयेबल दॅन गोइंग होम!" हसून हसून आमची झोप उडाली. सर म्हणाले, "हा साहेबच होणार बघा." मला मात्र महिनाभर जमलं नाही. खोटं बोलायला तोंड उघडलं की भावजयच डोळ्यांपुढे यायची. सर पुन्हा पुन्हा घोटून घ्यायचे, न कंटाळता. मी एकदा म्हटलं, "सर, तुम्ही पण एक खोटं सांगा की." ते आतल्या खोलीकडे बघत म्हणाले, "मला नाही जमणार. माझी सवय गेली."

पुढच्या वर्षी पुन्हा जागा निघाली. "आय प्रिफर लर्निंग न्यू थिंग्ज टु टेकिंग लीव्ह," मी पापणी न हलवता म्हटलं. साहेबांनी माना डोलावल्या. पत्र हातात पडलं तशी मी पेढे घेऊन थेट सरांकडे गेले. ओट्यावर चपलाच चपला. मावशी आदल्या दिवशी गेल्या होत्या. पेढ्यांचा पुडा मी पिशवीत खाली दाबला.

आत पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका बसलेल्या. राहात्याहून आलेल्या सरांच्या वहिनी म्हणत होत्या, "सुटली बिचारी. तुमी बी सुटले, भाऊजी. लई केलं तुमी. आता निवांत झोपा." जो येई तो हेच म्हणत होता. सर प्रत्येकाला मान हलवून होकार देत होते. मी जवळ जाऊन बसले तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "झालं?" मी मान हलवली.

"कुठलं वाक्य?"

मी सांगितलं. "साफ खोटं," ते म्हणाले आणि ओठ जरासे हलले. मग माझ्याकडे न बघता, कुणाला कळू नये म्हणून इंग्रजीत म्हणाले, "लिफ्टिंग हर एव्हरी मॉर्निंग वॉज इझिअर दॅन हिअरिंग धिस."

तिला रोज उचलणं सोपं होतं, हे ऐकण्यापेक्षा.

वहिनींनी वाकून मला विचारलं, "काय म्हनले गं भाऊजी?"

"तुमचं बरोबर आहे म्हणतात," मी सांगितलं.